सात गुणांचा प्रश्न

"मला सात गुण हवेत," काका म्हणाले. "बासष्टचे एकोणसत्तर झाले पाहिजेत. तुझा हीट पंप तेवढे देईल का?"

"बहुतेक नाही," पुतणी म्हणाली. "एखादवेळी दोन कमीसुद्धा होतील."

"मग हे अंदाजपत्रक कशाला आणलंस?"

"कारण तुम्ही तो बसवावा असं मला वाटतं."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी रेडिंगमधल्या एका स्वयंपाकघरात हा वाद सुरू झाला आणि संध्याकाळच्या चहापर्यंत चालला. काका सत्तरी ओलांडलेले, पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून इकडे आलेले, आता निवृत्त. घर १९३०च्या दशकातलं, एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी जोडलेली. वर्षातले सहा महिने पुण्यात काढायचे आणि घर भाड्याने द्यायचं, असं काका-काकूंनी ठरवलं आहे. पुतणीचं कामच घरांच्या उष्णतेचा हिशेब मांडून हीटिंगची आखणी करण्याचं. दोघांमध्ये टेबलावर ईपीसी होतं, म्हणजे घराच्या ऊर्जा-कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र. हिरव्यापासून लालपर्यंत उतरत आलेले पट्टे, आणि मधल्या पिवळ्या पट्ट्यासमोर लिहिलेलं: डी, ६२.

हे प्रमाणपत्र इंग्लंडमध्ये २००७ साली आलं. एकदा काढलं की दहा वर्षं चालतं. एकोणसत्तर गुणांपासून 'सी', पंचावन्नपासून 'डी', एकोणचाळीसपासून 'ई' अशी त्याची उतरंड. २०१८पासून नवा भाडेकरार करायचा तर घर निदान 'ई' श्रेणीचं लागतं आणि २०३०पर्यंत भाड्याच्या घरांना 'सी' सक्तीची करायची असा सरकारचा मनसुबा आहे. म्हणून काकांना सात गुण हवेत. त्यांचा हिशेब सरळ आहे. पैसा घालायचा तो श्रेणी वर नेणाऱ्या गोष्टीत घालायचा आणि मोकळं व्हायचं.

"तीनशे टक्के कार्यक्षम यंत्र बसवलं आणि कार्यक्षमतेची श्रेणी घसरली, हे कुणाच्या गळी उतरेल?" त्यांनी विचारलं.

पुतणीने प्रमाणपत्र त्यांच्याकडे सरकवलं. "या श्रेणीचं नाव कार्यक्षमता असलं तरी ती मोजते खर्च. दर चौरस मीटरमागे घर गरम ठेवायला किती पैसे लागतील, याचा तो अंदाज आहे. तपासनीस तुमची बिलं बघत नाही. भिंती, खिडक्या, माळा, बॉयलर यांची नोंद करतो, आणि बैठकीच्या खोलीत एकवीस अंश ठेवणारं एक ठरावीक कुटुंब इथे राहतं असं गणित धरून चालतं. इंधनाचे दरही ठरवून दिलेले. वीज गॅसच्या साधारण चौपट महाग. मग तिप्पट उष्णता देणारा पंपसुद्धा त्या कागदावर गॅसपुढे हरतो."

"मग बिलातही हरेल की!"

इथे काकांनी पेन उघडलं. ऑफजेम ही नियामक संस्था सर्वसाधारण घराला वर्षाला ११,५०० युनिट गॅस धरते. गॅस साडेसहा पेनी आणि वीज सव्वीस पेनी युनिट असे अलीकडच्या दरांच्या आसपासचे आकडे त्यांनी घेतले. बॉयलर पंच्याऐंशी टक्के कार्यक्षम धरला तर घराला प्रत्यक्ष मिळते ९,७७५ युनिट उष्णता, आणि गॅसचा खर्च येतो सुमारे ७४७ पौंड. तीच उष्णता २.८ पट देणाऱ्या पंपाने घेतली तर वीज लागते जवळपास साडेतीन हजार युनिट, खर्च सुमारे ९०८ पौंड.

"आणि हा २.८ मी पदरचा घातलेला नाही," काका म्हणाले. "सरकारच्याच चाचणीत ७४२ घरांत पंप बसवले होते, त्यांतल्या हवेवर चालणाऱ्या पंपांचा मधला आकडा याच्याच आसपास होता. पंप बॉयलरच्या बरोबरीला यायला ३.४ पट लागते. भाडेकरूच्या डोक्यावर दीडशे पौंड जास्तीचे मी का टाकू?"

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ब्रिटनमध्ये हीट पंपाचा प्रचार करणारे बरेच जण या चौपटीला हळूच बगल देतात आणि मग बिल आलं की माणसं स्वतःला फसवलं गेलेलं समजतात. पुतणीने बगल दिली नाही. तिने पिशवीतून मोजपट्टी काढली आणि काकांना हॉलमध्ये नेलं.

खिडकीखालचा रेडिएटर सहाशे मिलिमीटर उंच, बाराशे लांब, दुहेरी पत्र्याचा. "यातून आता किती तापलेलं पाणी फिरतंय?" तिने विचारलं. काकांनी तळहात टेकवला आणि लगेच मागे घेतला. बॉयलरवर पंच्याहत्तर लावलेलं होतं, तो घेतला तेव्हापासून तसंच. "हा रेडिएटर दोन हजार वॅटचा म्हणून विकला जातो. पण तो आकडा रेडिएटर आणि खोली यांच्यात पन्नास अंशांचा फरक असताना. फरक पंचवीसवर आला की हाच रेडिएटर आठशे वॅट देतो. बाहेर उणे दोन असेल त्या रात्री ही खोली चौदाशे वॅट मागेल. ज्या घरात कुणी हे मोजत नाही, तिथे पंप बसवणारा काय करतो? पाणी पंचावन्न-साठ अंशांवर नेतो. पाणी जितकं जास्त तापवायचं तितका पंप धापा टाकतो. तुमचा २.८ त्या चाचणीतल्या घराघरांचा मधला आकडा आहे, काका. निम्मी घरं त्याच्या वर होती. पंचेचाळीस अंशांत घर गरम होईल अशी आखणी केली तर साडेतीनपट मिळते आणि तुमचेच ९०८ पौंड ७२६ होतात."

"म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं."

"तसंच. पंपाला नावं ठेवतात आणि रेडिएटर कुणी मोजलेलाच नसतो."

काका इंजिनिअर असल्यामुळे यंत्राच्या तत्त्वावर त्यांचा आक्षेप नाही. काकूंना मात्र ते कुणी नीट सांगितलं नव्हतं. बाहेर शून्य अंश असताना थंड हवेतून उष्णता येणार कुठून, हा त्यांचा प्रश्न. पुतणीने त्यांना फ्रिजच्या मागे हात घालायला सांगितलं. "कोमट लागतंय ना? ती आतल्या दुधाची, भाजीची उष्णता. पुण्याच्या घरातला एसी खोलीतली उष्णता बाहेर फेकतो, तसा हा बागेतली उष्णता आत आणतो. आतून फिरणारा प्रोपेनसारखा वायू उणे बेचाळीस अंशांना उकळतो. त्याच्यापुढे शून्य अंशाची हवाही गरमच. ती उष्णता शोषून त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबली की ती तापते, आणि तो ताप रेडिएटरच्या पाण्याला मिळतो. वीज लागते ती दाबायला."

"आमच्या वाड्यातल्या बंबात लाकूड घालायचं आणि त्यातली निम्मी ऊब धुराड्यातून जायची," काकू म्हणाल्या. "हा बरा दिसतोय."

कल्पना काही आजची नाही. ग्लासगोला शिकवणाऱ्या विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, १८५२ सालीच इमारती गरम करण्याची ही रीत मांडली होती. झुरिकच्या रातहाऊसमध्ये, म्हणजे नगरभवनात, १९३८ साली नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला. दुसरं महायुद्ध संपता संपता नॉरिच शहरात जॉन समनर या विद्युत अभियंत्याने वेन्सम नदीवर चालणारा पंप उभारून आपल्या खात्याची इमारत गरम केली. युद्धकाळात नवी सामग्री मिळत नव्हती, त्यामुळे जुने सुटे भाग जमवून त्याने ते काम केलं आणि तिपटीहून अधिक उष्णता मिळवली. ब्रिटनने त्या वाटेने पुढे जायचं सोडून दिलं, कारण आधी कोळसा हाताशी होता आणि मग उत्तर समुद्रात गॅस सापडला. ऐंशी वर्षांपूर्वी जुळवाजुळव करून जे साधलं, ते आज कारखान्यातून नव्याकोऱ्या पेटीत येतं आणि तरी आपण त्याला प्रयोग म्हणतो, याची हळहळ वाटते.

काकांनी बाजू बदलली. "ठीक आहे, यंत्र चांगलं. पण आधी कळस मग पाया कशाला? भिंती पोकळ, माळ्यावर चार इंचाचा थर, जमिनीच्या फळ्यांतून वारा येतो. आधी घर बंद कर, मग यंत्राचं बघू."

या मुद्द्यावर ब्रिटनमधल्या जाणकारांतही दोन तट आहेत. पंपासाठी सरकारचं अनुदान २०२२ साली सुरू झालं तेव्हा ते काकांच्याच बाजूचं होतं. ईपीसीवर माळ्याच्या किंवा पोकळ भिंतीच्या इन्सुलेशनची शिफारस बाकी असेल तर अनुदान नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये अनुदान पाच हजारांवरून साडेसात हजार पौंडांवर गेलं आणि २०२४मध्ये ती अटही निघाली. म्हणजे सरकारने पुतणीचा तट धरला.

पुतणी मात्र स्वतः अर्धवटच त्या तटात आहे. "माळ्यावर २७० मिलिमीटरचा थर घाला, उद्या घाला. खर्च थोडा. पोकळ भिंती भरता येतील, पण आधी नीट तपासून. पश्चिमेची भिंत पावसाचा मारा झेलते, तिथे ओल आत येण्याचा धोका असतो. फळ्यांमधल्या फटी बुजवा, पण हवा खेळती राहायला पंखे नीट चालू ठेवा, नाहीतर कोपऱ्यांत बुरशी धरेल. एवढं केलं की श्रेणीत तुमचे सात गुण कदाचित इथेच मिळतील. माझा विरोध आहे तो पुढच्या पायरीला. आतून सगळ्या भिंतींवर जाड पाट्या ठोकायच्या, स्कर्टिंग उखडायचं, हजारो पौंड घालायचे आणि ते होईपर्यंत बॉयलर जाळत राहायचा. त्या ७४२ घरांत सगळ्या काळातली, सगळ्या तऱ्हेची घरं होती. जुनं घर म्हणून पंप चालत नाही, असं कुठे दिसलं नाही. उष्णता किती गळते ते मोजा, तेवढ्या मापाचा पंप घ्या."

"गळती कमी केली तर पंपही लहान लागेल."

"लागेल. म्हणून तर माळा आधी म्हटलं."

इथे दोघं काही काळ एका बाजूला आले, आणि या लेखकाच्या मते वादातला सगळ्यात उपयोगाचा भाग हाच. श्रेणी वाढवायची असेल तर स्वस्त इन्सुलेशन हे पहिलं उत्तर. घर गॅस सोडून चालवायचं असेल तर हिशेबाने बसवलेला पंप. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाच पिवळ्या पट्ट्यावर दोन्हींची उत्तरं शोधायला गेलं की गोंधळ होतो. ज्यांच्याकडे गॅसची पाइपलाइन नाही आणि भिंतीवरच्या साध्या विजेच्या हीटरवर घर चालतं, त्यांना हा गोंधळ सोसावाच लागत नाही. वीज तीच, पण वापर तिसऱ्या हिश्शावर येतो आणि श्रेणीही उडी मारते. आयरिश समुद्र ओलांडून डब्लिनला गेलं तरी चित्र पालटतं. तिथलं प्रमाणपत्र खर्चाऐवजी दर चौरस मीटरमागच्या प्राथमिक ऊर्जेवर श्रेणी देतं, आणि पंप बसला की ती भराभर चढते. यंत्र तेच, घरही तसंच. फरक फक्त मोजपट्टीचा.

"आणखी एक," पुतणी म्हणाली. "पंप बसल्यावर नवं प्रमाणपत्र काढाल तेव्हा तपासनीसाला पंपाचं मॉडेल सांगा, बसवणाऱ्याची कागदपत्रं हातात द्या. एका घरी हे राहून गेलं. त्याने यादीतून नुसता 'हवेवरचा हीट पंप' निवडला. मग गणित त्याला १७० टक्के धरतं, मुकाट. घर सीवरून डीवर आलं. मॉडेल भरून पुन्हा काढलं तेव्हा परत सी."

काकांनी हे वहीत लिहून घेतलं. लिहिता लिहिता म्हणाले, "आणि तुम्ही लोक उठसूट नॉर्वे दाखवता. तिथे दहापैकी सहा घरांत पंप आहेत, खरं. पण त्यातले बहुतेक हवा गरम करणारे, एसीसारखे. घरोघर गॅसच्या नळ्या नाहीत, वीज धरणांची आणि स्वस्त. तुलना कशी करणार?"

"थंडीची करते. थंडीत पंप बंद पडतो असं म्हणणाऱ्यांना तेवढं पुरे. दराची तुलना मी नाही करत."

दराच्या बाबतीत पुतणीला सरकारवरच राग आहे, आणि तो रास्त आहे. विजेच्या बिलावर वर्षानुवर्षं धोरणांचे आकार लादले गेले, गॅसवर त्या मानाने कमी. लोकांना पंप बसवायला साडेसात हजार द्यायचे आणि त्यांच्या विजेवर भार टाकायचा, हे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. नोव्हेंबर २०२५च्या अर्थसंकल्पात यातला काही भार बिलांवरून सरकारी तिजोरीकडे वळवला गेला. डिसेंबर २०२४मध्ये प्रमाणपत्र बदलायचा प्रस्तावही आला. एका आकड्याऐवजी खर्च, घराचं कवच, हीटिंगची व्यवस्था आणि विजेचा वापर वेळेनुसार हलवण्याची सोय असे चार वेगळे निकष. भाड्याच्या घराने आधी कवच सुधारावं, मग हीटिंग किंवा ती सोय यातलं एक, असा विचार त्यापाठोपाठ मांडला गेला. तसं झालं तर काकांचा माळा आणि पुतणीचा पंप एकाच अर्जात बसतील.

काकांचा शेवटचा आक्षेप खर्चाचा. अशी कामं बारा-तेरा हजार पौंडांच्या घरात जातात, मूल्यवर्धित कर सध्या शून्य, अनुदान वजा जाता खिशातून पाच हजारांच्या आसपास. बॉयलर अजून पाच वर्षं सहज चालेल. "चालता घोडा का विकायचा?"

"विकू नका. पण तो मेल्यावर डिसेंबरच्या थंडीत दोन दिवसांत निर्णय घ्याल, आणि दोन दिवसांत बसतो तो बॉयलरच. मग पुढची पंधरा वर्षं पुन्हा गॅस." पुतणी थांबली. "उत्तर समुद्राचा गॅस आला तेव्हा १९६७पासून दहा वर्षांत या देशाने घरोघर जाऊन सुमारे चार कोटी शेगड्या आणि हीटर बदलले. ठरवलं होतं म्हणून झालं."

काका ब्रिटनमध्ये आले तेव्हा त्यांच्या घरमालकिणीच्या तोंडी अजून त्याच गोष्टी होत्या. कुणाच्या शेगडीची ज्योत कशी पिवळी जळायची, माणसं दारात पाने-पक्कड घेऊन कशी यायची. ते काही बोलले नाहीत.

बोलल्या काकू. त्यांनी अंदाजपत्रकातली एक ओळ वाचली होती: दोनशे लिटरची गरम पाण्याची टाकी, जागा जिन्याजवळचं कपाट. सध्याचा बॉयलर नळ उघडला की पाणी तापवतो, टाकी लागत नाही. त्या कपाटात कुरडयांचे, सांडग्यांचे आणि पुण्याहून आणलेल्या भाजणीचे डबे आहेत. "ते कुठे जाणार? आणि गॅस गेला तर मी वांगं कशावर भाजू?"

पुतणीला याचं उत्तर लगेच देता आलं नाही. शेगडीपुरता गॅस ठेवला तर जोडणीचा स्थिर आकार, वर्षाला शंभरावर पौंड, चालूच राहतो. मीटर काढून टाकला तरच ते वाचतात. ओव्हनच्या ग्रिलखाली वांगं चांगलं भाजतं, साल काळी होते, पण ज्योतीवरचा धुरकट वास तितका येत नाही, हे तिनेही मान्य केलं. डब्यांसाठी जिन्याखाली फळ्या मारता येतील. काकूंनी मान हलवली, होकार म्हणून की नुसती, ते कळलं नाही.

सही त्या दिवशी झाली नाही. ठरलं ते एवढंच. बॉयलरवर दोन खटके आहेत, एक नळाच्या पाण्याचा आणि एक रेडिएटरचा. नळाच्याला हात लावायचा नाही. रेडिएटरचा पंच्याहत्तरवरून पन्नासवर आणायचा, हीटिंग दिवसभर मंद चालू ठेवायचं आणि बाहेर शून्याच्या आसपास असेल त्या दिवशी प्रत्येक खोलीत किती अंश राहतात ते बघायचं. पंप आल्यावर घर कसं वागेल, याची ही फुकटातली तालीम. शिवाय इतक्या कमी तापमानावर बॉयलरसुद्धा गॅस कमी खातो, त्यामुळे नुकसान काहीच नाही.

स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेलं आहे. पुण्यात असताना काकू त्यावर सिलिंडर लावल्याची तारीख लिहीत, इथे कचऱ्याच्या गाडीचे वार लिहितात. सोमवारच्या चौकटीत त्यांनी गॅसच्या मीटरचा आकडा लिहिला. मंगळवारी रात्री पारा उणे एकवर गेला. बुधवारच्या चौकटीत बारीक अक्षरात चार नोंदी पडल्या: हॉल १९, स्वयंपाकघर २०, पुढची खोली १९, मागची १६.

सकाळी आठला पुतणीचा फोन वाजला. "मागच्या खोलीतला रेडिएटर," काका म्हणाले, "केवढा लांब लागेल?"